अर्जातील ‘अपेक्षित वेतन’ या रकान्यात कोणता आकडा लिहावा?

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. सहा वर्षे एकाच कंपनीत गेली, वार्षिक वाढ दरवेळी नाममात्र मिळाली आणि सध्याचा पगार बाजारातील दराच्या बराच मागे पडला. आता थोड्या वरच्या जागेसाठी ऑनलाइन अर्ज करायचा आहे. जाहिरातीत पगाराचा उल्लेख नाही. अर्जात मात्र ‘सध्याचे वेतन’ आणि ‘अपेक्षित वेतन’ असे दोन रकाने आहेत, दोन्ही सक्तीचे आहेत आणि त्यांत अंकांखेरीज काहीही टाकता येत नाही. एका मित्राचा सल्ला आहे की शून्य टाकावे, दुसऱ्याचा सल्ला आहे की सध्याच्या पगारावर तीस टक्के चढवून लिहावे. आकडा जास्त झाला तर मुलाखतीचे बोलावणेच येणार नाही आणि कमी झाला तर त्यातच अडकून पडू, अशी भीती आहे. एकदा लिहिलेला आकडा पुढे बदलता येतो का, हेही त्यांनी विचारले आहे.

मी अनेक वर्षे भरतीच्या कामात आहे. सुरुवातीला उमेदवार सुचवणाऱ्या एजन्सीत होतो, नंतर कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात आलो आणि तेथे पदांचे वेतनपट्टे, म्हणजे पगाराच्या किमान ते कमाल मर्यादा, ठरवण्याचे कामही माझ्याकडे होते. त्यामुळे हा रकाना पलीकडे बसून वाचणाऱ्याला कसा दिसतो, तेथूनच सुरुवात करतो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली गोष्ट अर्जांच्या छाननीत टिकण्याची आणि दुसरी अखेरीस किती पगार मिळेल याची. रकान्यातील आकड्याचे खरे काम पहिल्या गोष्टीपुरते आहे. दुसरीची बोलणी पुढे, समोरासमोर किंवा फोनवर व्हायची असतात. पण अडचण अशी की छाननीसाठी लिहिलेला हाच आकडा पुढे बोलणीच्या टेबलावर आधीच येऊन बसलेला असतो. म्हणून तो असा असावा लागतो की त्यावर कोणी अर्ज बाजूला ठेवणार नाही आणि तो जसाच्या तसा मान्य झाला तरी तुम्हाला पश्चात्ताप होणार नाही.

जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी पैशांचा निर्णय बहुतेक झालेला असतो, ही गोष्ट उमेदवारांच्या सहसा लक्षात येत नाही. विभागप्रमुख जागा मागतो, वित्त विभाग तिला मंजुरी देतो आणि ती जागा कंपनीच्या कोणत्या तरी श्रेणीत बसवली जाते. प्रत्येक श्रेणीला किमान, मध्य आणि कमाल असे तीन दर असतात. सोयीसाठी मध्य १०० धरला, तर किमान ८० च्या आसपास आणि कमाल १२० च्या आसपास ही अनेक कंपन्यांतील प्रचलित रचना आहे. कनिष्ठ पदांसाठी हा पट्टा अरुंद असतो आणि वरिष्ठ पदांसाठी रुंद. मात्र कमाल दर १२० आहे म्हणजे नव्या माणसाला १२० मिळतील, असे मुळीच नाही. वरचा भाग त्या पदावर मुरलेल्या लोकांसाठी राखलेला असतो, कारण येणाऱ्याला पहिल्याच दिवशी छताला टेकवले तर पुढच्या वर्षी वाढ द्यायला जागा उरत नाही. म्हणून बाहेरून येणाऱ्या उमेदवाराला ९० ते १०५ च्या दरम्यान घेणे सोपे जाते. त्यावर जायचे झाल्यास कोणाची तरी जादा सही लागते आणि ती सही मिळवण्यासाठी विभागप्रमुखाला कारण लिहून द्यावे लागते. लोक विचारतात की कंपनीला माणूस हवा असताना थोड्या पैशांसाठी ती का अडते. पुष्कळदा पैसे हे कारणच नसते. त्याच गटात आधीपासून काम करणारे लोक ९५ वर असतात आणि नव्या माणसाला ११५ दिले तर त्यांची बाजू कशी सांभाळायची, हा प्रश्न असतो.

आता छाननी करणाऱ्याचा पडदा डोळ्यांसमोर आणा. एकाखाली एक अर्जांची यादी आहे. नाव, अनुभव, सध्याची कंपनी, नोटीस पिरियड आणि अपेक्षित वेतन असे स्तंभ आहेत. वेतनाच्या स्तंभावर क्लिक केले की यादी चढत्या क्रमाने लागते आणि अगदी वरचे व अगदी खालचे आकडे पहिल्यांदा नजरेत भरतात. मंजूर कमालीपेक्षा दहा टक्के वर असलेला अर्ज मी सहसा ठेवून देत असे, कारण तेवढे अंतर बोलण्यातून मिटते. दीडपट आकडा असेल तर अनुभव कितीही चांगला असो, फोन करण्याआधी मन कचरते. एक तास घालवून शेवटी नकारच यायचा असेल तर दोघांचाही वेळ जातो. काही संगणकप्रणालींत ठरावीक मर्यादेपलीकडचे अर्ज आपोआप वेगळे काढण्याची सोय असते आणि ती चालू असेल तर तुमचा अर्ज माणसाच्या नजरेस पडतच नाही. फार खालचा आकडाही फायद्याचा नसतो. मध्य १०० असलेल्या पदासाठी कोणी ५० लिहिले, तर स्वस्तात माणूस मिळाला असा आनंद होत नाही. या व्यक्तीला कामाची पातळी कळली आहे का, अशी शंका येते. कधी कधी त्यामागे साधी गफलतही असते, म्हणजे वार्षिक रकान्यात महिन्याचा पगार टाकलेला असतो किंवा एक शून्य गळलेले असते. अर्ज पाठवण्यापूर्वी तेवढे मात्र पुन्हा एकदा तपासाच.

हे लक्षात घेतले की पहिल्या मित्राच्या सल्ल्याचे मोल करता येते. शून्य लिहिण्यात उद्धटपणा काहीही नाही. अर्ज वाचणारा माणूस असेल तर ‘यावर बोलू’ असाच त्याचा अर्थ घेतला जातो. पण वाचणाऱ्याने ‘८० ते १२०’ अशी गाळणी लावली असेल तर शून्याचा अर्ज गुपचूप बाहेर पडतो, आणि कोणती पद्धत वापरली जाते आहे हे बाहेरून कळण्याचा मार्ग नाही. म्हणून अर्जातच तशी मुभा दिली असेल, किंवा तुमचे कौशल्य इतके दुर्मीळ असेल की कंपनी स्वतःहून तुमच्या मागे लागली असेल, तरच मी शून्याचा विचार करीन. १ किंवा ९९९९९९ असले आकडे टाकण्यापासून मात्र दूर राहा. त्यातून फक्त चेष्टा केल्यासारखी वाटते.

दुसऱ्या मित्राचा सल्ला जास्त प्रचलित आहे आणि तुमच्या बाबतीत तो जास्त नुकसानीचा आहे. समजा, तुमचा सध्याचा पगार याच मोजपट्टीवर ६० आहे. त्यावर तीस टक्के चढवले तर ७८ होतात, म्हणजे ज्या पदासाठी कंपनीने किमान ८० राखून ठेवले आहेत तेथे तुम्ही स्वतःहून त्या किमानीच्याही खाली गेलात. त्याच पदासाठी अर्ज करणाऱ्या दुसऱ्या कोणाचा पगार आधीच ११० असेल, तर त्याच हिशोबाने तो १४३ लिहील आणि यादीतून बाहेर पडेल. काम एकच, हिशोब एकच आणि दोघांचेही उत्तर चुकलेले, कारण त्या हिशोबात नव्या कामाचा दर कोठेच येत नाही. मागची कंपनी उदार होती की कंजूष, एवढेच त्यातून कळते. तुमच्या कामाची किंमत तुमच्या जुन्या कंपनीने का ठरवावी?

तरीही टक्केवारीची भाषा एवढी रुळली आहे ती उगाच नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काही कंपन्यांत सध्याच्या पगारापेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त वाढ द्यायची नाही असा अंतर्गत नियम असतो, आणि भरती करणाऱ्याच्या हाती त्यात फारसे काही नसते. या पद्धतीमुळे एकदा कमी पगारावर सुरुवात झालेली व्यक्ती, त्यातही मधली काही वर्षे घरासाठी थांबलेल्या स्त्रिया, प्रत्येक नव्या नोकरीत तीच तूट सोबत घेऊन जातात. नेमके हेच थांबवण्यासाठी काही ठिकाणी कायदे झाले आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने उमेदवाराला आधीचा पगार विचारण्यास मनाई करणारा कायदा २०१६ मध्ये केला आणि तो १ जुलै २०१८ पासून लागू झाला. न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून तशीच बंदी आली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकता निर्देशानुसार सदस्य देशांनी ७ जून २०२६ पर्यंत अशी तरतूद आपापल्या कायद्यात आणायची आहे की मालकाने आधीचा पगार विचारू नये आणि उमेदवाराला सुरुवातीच्या वेतनाची माहिती बोलणी होण्याइतकी आधी द्यावी. तुम्ही अर्ज करत असलेली जागा अशा एखाद्या ठिकाणी असेल, तर तुमचा निम्मा प्रश्न तेथेच सुटतो. नसेल, तर पुढचा सगळा गृहपाठ तुम्हालाच करावा लागेल.

गृहपाठ म्हणजे त्या पदाचा मध्य दर शोधणे. येथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक जण रकान्यात काय टाकावे यावर चार दिवस डोके शिणवतात आणि दर शोधण्यावर अर्धा तासही घालवत नाहीत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सरळ विचारणे. अर्ज करण्यापूर्वी भरती करणाऱ्या व्यक्तीचा संपर्क मिळत असेल, तर ‘या पदासाठी मंजूर वेतनपट्टा कोणता आहे हे कळल्यास मला योग्य आकडा नमूद करता येईल’ असे एक वाक्य पाठवावे. उत्तर येईलच असे नाही, पण त्याबद्दल राग आलेला मी कधी पाहिलेला नाही, आणि उत्तर आले तर पुढचे सगळे अंदाज वाचतात. दुसरा मार्ग, त्या प्रकारच्या जागा भरणाऱ्या एजन्सीतील एखाद्या रिक्रूटरशी बोलणे. त्याला ‘मला किती मिळतील’ असे न विचारता ‘या पातळीच्या जागा सध्या कोणत्या दराने भरल्या जात आहेत’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला तो तुम्हाला बरे वाटेल असे काही तरी सांगेल, दुसऱ्याला त्याच्या समोरचे आकडे सांगेल. तिसरा मार्ग, अलीकडे त्या पदावर रुजू झालेली माणसे. दहा वर्षे त्याच कंपनीत असलेल्या ओळखीच्या माणसाचा पगार येथे उपयोगाचा नाही, कारण नव्याने येणाऱ्याचा दर आणि जुन्या माणसाचा दर यांत अंतर पडलेले असते. तुमचाच पगार हे त्याचे उदाहरण आहे.

कर्मचारी स्वतःचे पगार नोंदवतात अशी संकेतस्थळे जरूर पाहावीत, पण त्यांवर पूर्ण विसंबू नये. तेथे एकाच पदनामाखाली तीन पातळ्यांचे लोक असतात, कोणी बोनस धरून लिहितो, कोणी वगळून, आणि काही नोंदी जुन्या असतात. त्याहून अधिक विश्वासार्ह म्हणजे जेथे वेतनपट्टा जाहिरातीत देण्याची सक्ती आहे अशा ठिकाणच्या जाहिराती. ऑस्ट्रियात २०११ पासून जाहिरातीत किमान वेतन द्यावे लागते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जानेवारी २०२१ पासून आणि न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर २०२२ पासून वेतनपट्टा जाहीर करावा लागतो, तर कॅलिफोर्नियात जानेवारी २०२३ पासून पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना तो जाहीर करावा लागतो. दुसऱ्या देशातील रक्कम तुम्हाला जशीच्या तशी लागू होणार नाही हे उघड आहे. पण एखाद्या मोठ्या कंपनीत कनिष्ठ, मधले आणि वरिष्ठ पद यांच्या दरांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, हे त्या जाहिरातींवरून कळते. तुम्ही एक पायरी वर जाऊ पाहत आहात, त्यामुळे हे प्रमाण तुमच्या कामाचे आहे.

दर कळला की दोन आकडे स्वतःपाशी लिहून ठेवावेत. एक, ज्याखाली तुम्ही ही नोकरी घेणार नाही तो. तो ठरवताना फक्त घरखर्चाचा विचार पुरत नाही. सध्याची नोकरी सोडल्यामुळे बुडणारा बोनस, निवृत्तीनंतरच्या लाभांपैकी हातचे जाणारे काही, नोटीस पिरियड पूर्ण न केल्यास भरावी लागणारी रक्कम, प्रवासाचा किंवा घर बदलण्याचा खर्च, हे सर्व त्यात यायला हवे. हा आकडा कोणालाही सांगायचा नाही. दुसरा आकडा, जो मिळाला तर तुम्ही समाधानाने रुजू व्हाल तो. रकान्यात लिहायची रक्कम या दुसऱ्या आकड्यापेक्षा किंचित वर असावी. मी साधारणपणे पाच ते आठ टक्के वर असे सांगतो. वीस टक्के वर गेले की पुढे खाली येताना आधीचा आकडा नुसताच फेकला होता, हे उघडे पडते.

‘पहिला आकडा आपण कधी बोलू नये’ हा उपदेश तुम्ही ऐकलाच असेल. तो अर्धाच खरा आहे. मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनमन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एक प्रयोग आहे. सहभागींसमोर एक चक्र फिरवले गेले, ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच व्यवस्था केलेली होती, आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी आफ्रिकी देश किती टक्के असतील हे विचारले गेले. ज्यांच्या समोर १० आले त्यांच्या अंदाजांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा, २५ होता, ज्यांच्या समोर ६५ आले त्यांचा ४५. ज्या आकड्याचा प्रश्नाशी काही संबंध नाही, तोही अंदाजाला आपल्याकडे ओढतो. पगाराच्या बोलण्यात आधी उच्चारलेला आकडा याच रीतीने पुढच्या सगळ्या आकड्यांना ओढत राहतो. म्हणून माझे मत असे झाले आहे की ज्याला दराची चांगली माहिती आहे त्याने आधी बोलावे आणि ज्याला नाही त्याने समोरच्याला बोलू द्यावे. ऑनलाइन अर्जात तुम्हाला गप्प राहण्याची सोयच नसते. तेव्हा माहिती मिळवून आधी बोलण्याचा फायदा घेतलेला बरा.

रकान्यात मजकूर लिहिता येत असेल, किंवा अर्जासोबत पत्र जोडता येत असेल, तर एका आकड्याऐवजी पट्टा द्यावा का, हाही प्रश्न लोक विचारतात. कोलंबिया विद्यापीठातील डॅनियल एम्स आणि मालिया मेसन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की आपल्याला हवा असलेला आकडा पट्ट्याच्या तळाशी ठेवून वर थोडी जागा दिली, तर एकच आकडा सांगण्यापेक्षा परिणाम चांगला मिळू शकतो, कारण अशा पट्ट्याच्या फार खाली उतरणे समोरच्याला अशिष्ट वाटते. माझा अनुभवही याला जुळणारा आहे, फक्त एक सावधगिरी हवी. पट्टा ऐकणारा माणूस त्यातील खालचाच आकडा टिपून घेतो. मीही तेच करत असे. तेव्हा १०० हवे असतील तर ‘९० ते ११०’ असे लिहू नका, ‘१०० ते ११०’ असे लिहा. पट्टा दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा रुंद नको. ‘७० ते १२०’ लिहिणाऱ्याने दराची चौकशी केलेली नाही, एवढेच त्यातून समजते.

आकडा कशाचा आहे, यावरूनही पुष्कळ गोंधळ होतो. अर्जात नुसते ‘वार्षिक वेतन’ लिहिलेले असते. उमेदवार हातात पडणाऱ्या पगाराच्या हिशोबाने लिहितो आणि कंपनी तो आकडा एकूण पॅकेज समजून वाचते, ज्यात कंपनीचा निवृत्ती निधीतील वाटा, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेली बदलती रक्कम असे सगळे येते. दोन प्रस्ताव घ्या. पहिल्यात एकूण १०० आहेत, पण त्यातील २० वर्षअखेरीच्या निकालावर अवलंबून आहेत. दुसऱ्यात एकूण ९२ आहेत आणि ते सगळे निश्चित आहेत. वर्ष वाईट गेले आणि बदलत्या रकमेचे निम्मेच मिळाले, तर पहिल्यात ९० हातात येतात. आकडा मोठा असूनही प्रस्ताव लहान ठरला. रकान्यात फक्त अंक मावत असतील तर एकूण वार्षिक रक्कम, करापूर्वीची, असे गृहीत धरून लिहावे. आणि पत्रात किंवा शेऱ्याच्या जागी एवढे जोडावे: ‘नमूद केलेली रक्कम ही एकूण वार्षिक वेतनाची, करापूर्वीची आहे. पदाच्या जबाबदाऱ्या आणि निश्चित व बदलत्या भागाची विभागणी समजल्यावर तिच्याविषयी बोलण्याची माझी तयारी आहे.’ या दोन वाक्यांनी पुढच्या बोलण्याची वाट मोकळी राहते आणि आकडाही ठाम राहतो.

‘सध्याचे वेतन’ या रकान्याविषयी माझे म्हणणे अगदी साधे आहे: तो ऐच्छिक असेल तर मोकळा सोडा, सक्तीचा असेल तर खरा आकडा लिहा. फुगवून लिहिण्याचा मोह तुमच्यासारख्या स्थितीत होतो हे मी जाणतो, पण नियुक्तीपूर्वी पगारपत्रके किंवा कराची कागदपत्रे मागण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि माहिती खोटी निघाल्यास प्रस्ताव रद्द करण्याचे कलम नियुक्तीपत्रात बहुधा असतेच. तसे झाले की राजीनामा आधीच दिलेला असतो आणि दोन्ही नोकऱ्या हातच्या जातात. खरा आकडा लिहायचा म्हणजे कमीत कमी आकडा लिहायचा, असे मात्र नाही. मूळ पगाराबरोबर भत्ते, गेल्या वर्षी प्रत्यक्ष मिळालेला बोनस, कंपनीचा निवृत्ती निधीतील वाटा हे सगळे प्रामाणिकपणे धरा. कित्येक जण नुसता बँकेत जमा होणारा पगार बारा महिन्यांनी गुणून मोकळे होतात आणि स्वतःचेच नुकसान करून घेतात.

आता तुमच्या आकड्याकडे येतो. मध्य दर १००, सध्याचा पगार ६० आणि काम सहा वर्षांचे, असे धरले तर मी १०० ते १०५ च्या दरम्यान लिहीन आणि मनातील खालची मर्यादा ९० च्या आसपास ठेवीन. पलीकडच्या टेबलावर यावर काय बोलणे होते तेही सांगतो. विभागप्रमुखाला तुमचे काम आवडलेले असते. मनुष्यबळ विभागातील कोणी तरी म्हणतो की हा माणूस ६० वरून १०५ मागतो आहे, पाऊणपट उडी आहे, ८० दिले तरी येईल. त्यावर माझे उत्तर ठरलेले असे: ८० वर येईल हे खरे, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला त्याच कामाचे १०० मिळतात हे त्याला सहा महिन्यांत कळेल आणि मग तो पुन्हा अर्ज करत सुटेल, त्याची जागा पुन्हा भरण्यात वाचवलेल्याहून जास्त खर्च होईल. प्रत्येक कंपनीत हे पटतेच असे नाही. म्हणून उडीविषयी प्रश्न येणार हे धरून चाला आणि उत्तरात जुन्या कंपनीची कुरकूर आणू नका. ‘माझे सध्याचे वेतन सहा वर्षांपूर्वीच्या भूमिकेवर आधारित आहे, दरम्यान माझ्या जबाबदाऱ्या वाढल्या आणि नमूद केलेला आकडा या पदाच्या प्रचलित दरानुसार आहे’ एवढे पुरे आहे. त्यानंतर थांबावे. शांतता असह्य होऊन स्वतःच आकडा खाली आणणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिले आहेत.

हे सगळे परिस्थितीनुसार बदलते, हे वेगळे सांगायला नको. शासकीय किंवा ठरावीक वेतनश्रेणी असलेल्या संस्थांत हा रकाना केवळ औपचारिक असतो. तेथे श्रेणीतील कोणत्या टप्प्यावर सुरुवात होईल आणि मागचा अनुभव धरला जाईल का, एवढेच बोलायचे असते. नवख्या उमेदवारांसाठी कंपन्या बहुधा सर्वांना एकच रक्कम देतात, त्यामुळे त्यांनी यावर झोप घालवू नये. नव्या, लहान कंपनीत पगार कमी आणि समभाग जास्त असा प्रस्ताव येऊ शकतो. त्या समभागांची किंमत शून्य धरूनही तुमची खालची मर्यादा गाठली जाते का, हे पाहावे. नोकरी सुटलेली असेल तर गणित अधिक कठीण होते. त्या वेळी मध्य दराच्या थोडे खाली लिहिण्यात शहाणपण आहे, पण घाबरून किमानीच्या खाली जाऊ नये, कारण पुढच्या वार्षिक वाढी टक्क्यांत मिळतात आणि आज सोडलेली रक्कम त्या प्रत्येक वाढीत पुन्हा सुटत राहते.

शेवटचा प्रश्न, आकडा बदलता येतो का. येतो, पण बदलण्याचे कारण आणि वेळ दोन्ही जुळायला हवे. मुलाखतीत काम जाहिरातीत होते त्यापेक्षा मोठे निघाले, म्हणजे दोघांऐवजी आठ जणांचा गट सांभाळायचा आहे किंवा महिन्यातून दहा दिवस प्रवास आहे असे कळले, तर आकडा वर नेण्यात काहीही गैर नाही. ते त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फोनवर सांगावे आणि मग दोन ओळींच्या ईमेलने पक्के करावे. मी अशा वेळी दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतची वाढ सहज पुढे नेत असे, कारण विभागप्रमुखाला पटवण्यासाठी माझ्याही हातात कारण असे. लेखी प्रस्ताव आल्यावर मात्र, आणि तो तुम्ही लिहिलेल्या आकड्याइतकाच असताना, ‘आता मला जास्त हवेत’ म्हटले की शब्द फिरवल्यासारखे दिसते. मागितलेला आकडा एका फटक्यात मान्य झाला म्हणून हळहळ वाटली, तर मूळ रकमेला हात न लावता इतर गोष्टी मागाव्यात: सहा महिन्यांनी वेतनाचा फेरविचार, तोही लेखी, सोडून आलेल्या बोनसच्या बदल्यात एकरकमी जॉइनिंग बोनस, रजा किंवा पदनाम. या गोष्टी बहुधा वेगळ्या तरतुदीतून येतात आणि वेतनपट्ट्याला धक्का लावत नाहीत, त्यामुळे त्या मिळण्याची शक्यता जास्त असते.

आणि हे उत्तर वाचण्यापूर्वीच तुम्ही ७८ लिहून अर्ज पाठवून दिला असेल, तर नवा अर्ज भरू नका. एकाच नावाचे दोन अर्ज आणि दोन वेगळे आकडे दिसले की वाचणारा साशंक होतो. पहिला फोन येईल तेव्हा, रिक्रूटरने स्वतः वेतनाचा विषय काढण्याआधी, सांगा की अर्ज भरताना पदाची पूर्ण माहिती नव्हती, त्यानंतर तुम्ही प्रचलित दराची चौकशी केली असून तुमची अपेक्षा १०० च्या आसपास आहे, आणि ही रक्कम मंजूर पट्ट्यात बसते का ते विचारा. पहिल्याच फोनवर सांगितलेली दुरुस्ती रिक्रूटर यादीत नोंदवून घेतो आणि पुढच्या लोकांना तोच आकडा दिसतो.